रात्री सव्वाची विरार

31 डिसेंबर 2024 च्या रात्रीसाठी पश्चिम रेल्वेने आठ जादा लोकल जाहीर केल्या. चर्चगेटहून 1.15, 2.00, 2.30 आणि 3.25. विरारहून 12.15, 12.45, 1.40 आणि 3.05. बातमी एवढीच. वसई-विरारमध्ये अशी बातमी आली की घरोघरी बेत बदलतात: सव्वाची आहे ना, मग जेवून, थोडं फिरून, आरामात निघू.

या आठ वेळा एकदा शेजारी शेजारी मांडून पाहा. धीम्या लोकलला हे साठ किलोमीटर कापायला साधारण एक तास चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे विरारहून 12.15 ला निघालेली गाडी दोनला आठ-दहा मिनिटं कमी असताना चर्चगेटला लागते. आणि चर्चगेटहून दोनची सुटते! 12.45 ची पोचते तेव्हा अडीचची तयार असते. 1.40 ची पोचते आणि 3.25 ची निघते. तिकडे चर्चगेटहून सव्वाला सुटलेली गाडी 2.55 च्या सुमारास विरारला येते आणि 3.05 ला परत फिरते. आठ गाड्या दिसतात, पण हिशेब जुळवला तर रेक, म्हणजे डब्यांचे संच, चारच पुरतात. प्रत्येकाने एकदा जायचं, एकदा यायचं. मधल्या आठ-दहा मिनिटांत बारा डब्यांच्या त्या गाडीचं शेपूट तोंड होतं आणि तोंड शेपूट. एवढ्या वेळात मोटरमनने पाव किलोमीटर चालत दुसऱ्या टोकाला जाणं कठीण, म्हणून अशा वेळी बहुधा दुसरा मोटरमन आधीच त्या टोकाशी उभा असतो. कोणीतरी टेबलाशी बसून हे कोडं सोडवलेलं असतं आणि आपल्यापर्यंत त्याच्या फक्त आठ वेळा पोचतात. असलं काही उलगडलं की मला अपार आनंद होतो.

12 एप्रिल 1867 ला विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे पहिली उपनगरी गाडी धावू लागली, तेव्हा दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक असा कारभार होता. ती गाडी चुकली की दिवस गेला. वीज बोरिवलीपर्यंत 1928 मध्ये आली, विरारपर्यंत 1936 मध्ये. आज पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर दिवसाला सुमारे चौदाशे फेऱ्या होतात. त्यात आठ म्हणजे काय, असं वाटेल. पण त्या आठ ज्या वेळेत पडतात, त्या वेळेत सगळं दडलेलं आहे.

आधी प्रवाशाचं बघू. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दादरला रानडे रोडवर गेलेलं नालासोपाऱ्याचं एखादं कुटुंब डोळ्यांपुढे आणा. कंदील घेऊन झाला, मुलांचे कपडे राहिलेत, आणि आईचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. शेवटची गाडी गाठायची असं कोणीच ठरवत नाही. सगळे शेवटच्या आधीची, किंवा तिच्याही आधीची धरतात, कारण शेवटची चुकली तर रात्र फलाटावर. म्हणून शेवटची गाडी तासभर पुढे गेली की तिच्यात फार कोणी चढलं नाही तरी तिच्या आधीच्या दोन-तीन गाड्या भरतात. लोक तासभर जास्त थांबतात ते तिच्या भरवशावर. 3.25 च्या गाडीत डबे रिकामे दिसले म्हणून ती वाया गेली असं म्हणणं मला पटत नाही. तिचं काम तिच्या आधीच्या गाड्यांत झालेलं असतं.

2023 च्या दिवाळीत मुंबईत मेट्रो 2 अ आणि 7 ची शेवटची गाडी साडेदहाऐवजी अकराला सुटू लागली. अर्धाच तास, पण दुकानाचं शटर पडेपर्यंत थांबून मग जिना चढता येईल एवढा तो नक्की होता. दोन्ही मार्ग दहिसरला जोडलेले आहेत. खाडीपलीकडच्या आपल्या लोकांना तिथून पुढे लोकलच.

आणि खरेदी करणाऱ्याइतकीच ही गोष्ट विकणाऱ्याचीही आहे. महाराष्ट्रात 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आला, तेव्हापासून दुकान चोवीस तास उघडं ठेवायला परवानगी आहे. रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोचवण्याची सोय हवी, असंही तो कायदा सांगतो. पण काउंटरमागे उभी असणारी मुलगी विरारची, गोदामातला पोरगा नालासोपाऱ्याचा. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती, आणि मुंबईची दुकानं, हॉटेलं, कार्यालयं चालवणाऱ्यांपैकी किती जण इथे राहतात ते सकाळी विरारच्या फलाटावर उभं राहिलं की कळतं. कायद्याने दुकानाला रात्रभर मुभा दिली, तरी शटर किती वाजता ओढायचं ते शेवटची विरारच ठरवते.

मग रोजच का नाही सोडत रात्रभर गाड्या?

शेवटची विरार चर्चगेटहून रात्री एकच्या आसपास निघते. विरारहून पहिली निघते पहाटे साडेतीनच्या सुमारास. मधे उरलेला वेळ रिकामा नसतो. गुजरात-दिल्लीकडच्या मेल गाड्या आणि मालगाड्या याच मार्गावरून रात्रभर जात असतात. त्यांच्यातून वाट काढत रुळांवर काम करणारी माणसं आपला वेळ मागून घेतात. त्याला ब्लॉक म्हणतात. रविवारच्या जम्बो ब्लॉकला आपण नावं ठेवतो, पण रात्रीचा ब्लॉक आपण झोपेत असल्यामुळे कोणाला दिसत नाही.

डोक्यावरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. पूर्वी इथे 1,500 व्होल्टची डीसी वीज होती. चर्चगेटपर्यंतचा बदल 2012 मध्ये पुरा झाला. काम करायचं तर आधी नियंत्रण कक्षातून त्या भागाची वीज तोडली जाते. पण वीज तोडली म्हणजे तार निर्धोक झाली असं नव्हे, आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच. शेजारच्या मार्गाची तार जिवंत असते. तिच्यातल्या एसी विजेमुळे बंद असलेल्या तारेतही विद्युतदाब निर्माण होतो. कुठेही न चिकटता, हवेतून. माणसाचा जीव घ्यायला तो पुरेसा असतो. म्हणून कामाच्या जागेच्या दोन्ही अंगांना लांब दांड्यांनी ती तार जमिनीला जोडतात, आणि मगच टॉवर वॅगनच्या माचीवर माणूस चढतो. काम संपलं की दांड्या काढायच्या, सगळी माणसं खाली उतरल्याची खात्री करायची, मग वीज परत. दीड तासाचा ब्लॉक मिळाला तर हत्यार हातात धरण्याचा वेळ त्याहून बराच कमी.

त्यात आपला भाग खाऱ्या हवेचा. भाईंदर-नायगावच्या दोन्ही बाजूंना खाडी आणि मिठागरं. तारेला खांबापासून वेगळं ठेवणाऱ्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, दव पडलं की तो ओला होतो, आणि विजेला पळवाट मिळते. ते पुसावे लागतात, बदलावे लागतात. खाली रुळांचं वेगळंच दुखणं. लांबच लांब जोडलेले रूळ थंडीत आकसू पाहतात, पण त्यांना आकसायला जागा नसते. सगळा ताण पोलादात साठतो आणि बारीक भेग असेल तिथे रूळ तुटतो. हे होतं थंडीच्या रात्री आणि पहाटे, म्हणजे नेमकं डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा आपल्याला जादा गाड्या हव्या असतात. म्हणून त्या दिवसांत रुळांवरून पायी गस्त घालणाऱ्या माणसाचं काम फार मोलाचं. हातात टॉर्च घेऊन तो अंधारात चालत असतो, आणि 31 च्या रात्री त्याला आठ गाड्या जास्त चुकवायच्या असतात.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे रात्रभर चालते याचं आपल्याला कौतुक. तिला ते जमतं, कारण तिच्या अनेक मार्गांवर चार रूळमार्ग आहेत. दोन बंद ठेवून दोन चालू ठेवता येतात. लंडनने 2016 मध्ये रात्रीची ट्यूब सुरू केली ती शुक्रवार-शनिवारपुरती आणि मोजक्याच मार्गांवर. विरारपर्यंत आपल्याकडेही चार मार्ग आहेत, बोरिवली-विरार चौपदरीकरण 2007 मध्ये पूर्ण झालं. जादा लोकल धीम्या मार्गावरून धावत असताना जलद मार्गावर काम करता येतं ते त्यामुळे. पण तीच जलद मार्गिका मेल आणि मालगाड्यांनाही हवी असते. एका रात्रीपुरतं हे सगळं जुळवता येतं. वर्षभर जुळवायचं तर रुळांना विसावा उरणार नाही.

म्हणून मी रोजच्या रात्रसेवेचा हट्ट धरणार नाही. मोजक्या रात्रींचा मात्र नक्की धरीन. गणेश विसर्जनाची रात्र आणि 31 डिसेंबर यांना जादा गाड्या मिळतात. वसईपुरतं बोलायचं तर 24 डिसेंबरही या यादीत मानाने बसला पाहिजे. नंदाखाल, आगाशी, पापडी, गिरीज, सांडोर, सगळीकडे त्या आठवड्यात नाताळचे गोठे उभे राहतात, दारोदारी चांदण्या लागतात, आणि शेवटची खरेदी वांद्र्याच्या हिल रोडपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत चाललेली असते. ही माणसं रात्रीच्या मिस्सेला वेळेत पोचली पाहिजेत, आणि मुंबईत कामाला असलेलं त्यांचं माणूसही.

आणि रेल्वेने आपलं काम केल्यावर पुढचं आपल्या महापालिकेकडे येतं. 2.55 ला विरारला उतरलेल्या माणसाचं घर फलाटावर नसतं. ते आगाशीला असतं, अर्नाळ्याला असतं, वसई रोडला उतरणाऱ्याचं भुईगावला असतं. त्या वेळी परिवहनची नियमित बस नसते. रिक्षा मिळाली तर मागेल ते भाडं द्यायचं, नाहीतर हातात पिशव्या आणि खांद्यावर झोपलेलं मूल घेऊन चालत निघायचं. 2012 पासून आपल्याकडे स्वतःची परिवहन सेवा आहे, आणि रेल्वेच्या वेळा आधी जाहीर होतात. विरारला पहिल्या तीन गाड्या पोचतात 2.55, 3.40 आणि 4.10 च्या सुमारास. प्रत्येकीला विरार पश्चिमेहून एक बस आगाशीमार्गे अर्नाळ्याला, आणि वसई रोडहून एक पापडीमार्गे वसई गावात. एका रात्रीच्या सहा फेऱ्या होतात. एकच अट: बस घड्याळ बघून सुटू नये, गाडीतून शेवटचा माणूस जिना उतरून आला की सुटावी.