येते, पण चटकन येत नाही!

“घरी विचारलं की सगळं येतं, पेपरात काय होतं कुणास ठाऊक!” निकालाच्या दिवशी आपल्या वस्त्यांतून हे वाक्य हमखास ऐकू येते. आई म्हणते, रोज पुस्तक घेऊन बसत होता. वडील म्हणतात, पोटाला चिमटा घेऊन क्लासची फी भरली. गुरुजी म्हणतात, मुलगा गुणी आहे, पण पाया कच्चा आहे. मुलगा मात्र खाली मान घालून उभा असतो. मग शेजारचा कोणीतरी निवाडा देऊन मोकळा होतो, “त्याचं डोकंच चालत नाही!”

हा निवाडा आम्हाला मान्य नाही. आपल्या मुलांना डोके आहे. बहुतेकांना कमी पडते ती एक साधी गोष्ट, आणि ती म्हणजे सराव. वाचन, लेखन आणि आकडेमोड या तीन गोष्टी मुलाला नुसत्या ‘येणे’ पुरेसे नाही. त्या न अडखळता, चटकन आणि बिनचूक आल्या पाहिजेत. येणे आणि सफाईने येणे यात फार मोठा फरक आहे. या फरकापायी आपली कितीतरी मुले मागे पडतात. म्हणून आज पालकांशी याच विषयावर बोलायचे आम्ही ठरवले आहे.

फरक नेमका कोठे पडतो?

दोन मुलांना विचारा, सात आठे किती? एक तत्काळ म्हणतो, छप्पन्न. दुसरा बोटांवर सात, चौदा, एकवीस असे मोजत मोजत छप्पन्नपर्यंत पोचतो. उत्तर दोघांचेही बरोबर. आपण म्हणतो, दोघांनाही येते.

आता त्याच दोघांना ४४८ ला ७ ने भागायला सांगा. पहिला मुलगा म्हणतो, सात सक बेचाळीस, उरले दोन, वरचे आठ खाली घेतले, झाले अठ्ठावीस, सात चोक अठ्ठावीस. उत्तर चौसष्ट. दुसरा मुलगा ४४ मध्ये सात किती वेळा जातात ते बोटांवर मोजू लागतो. बेचाळीसपर्यंत येतो, तोवर आपण कितव्यांदा सात मोजले हे विसरतो. पुन्हा पहिल्यापासून मोजतो. तेवढ्यात वजा काय करायचे आणि खाली काय आणायचे, हेही डोक्यातून निघून जाते. त्याला भागाकाराची रीत शिकवलेली असते आणि ती समजलेलीही असते. तो अडतो पाढ्यात, पण आपण म्हणतो, याला भागाकार येत नाही!

असे का होते, याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. माणसाचे मन एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली हा आकडा साधारण सात असल्याचे मांडले. पुढे २००१ साली नेल्सन कोवान यांनी तो खरे तर चारच्या आसपास असल्याचे दाखवले. चाळीतल्या खोलीतला ओटा आठवा. त्यावर स्टोव्ह, परात आणि एखादे पातेले ठेवले की जागा संपते. मनाचा ओटाही एवढाच असतो. मोठ्या विद्वानाचा ओटासुद्धा काही हातभर लांब नसतो. मात्र जी गोष्ट पक्की अंगवळणी पडली, ती ओट्यावर जागा अडवत नाही. भाकरी थापणारी बाई थापता थापता मुलाशी बोलते, चुलीतला जाळ मागेपुढे करते, दारातल्या माणसाला उत्तर देते. तिचा हात आपले काम करत असतो आणि मन मोकळे असते. पाढे पाठ असलेल्या मुलाचे मनही असेच गणितासाठी मोकळे राहते.

वाचनाचे ओझे

वाचनाचेही असेच आहे. आपली देवनागरी लिपी उच्चाराला धरून चालते, ही मोठी सोय. पण तिच्यात अडचणीच्या जागाही आहेत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि तिचा उच्चार नंतर करायचा. ‘र’ कधी अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, तर कधी पायाशी तिरकी रेघ होतो. त्यात जोडाक्षरे. ‘ग्रामपंचायतीच्या’ हा एक शब्द लावता लावता मूल घामाघूम होते. एकेक अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटाला येते, तोवर वाक्याची सुरुवात विसरलेली असते. ओठांनी वाचले, पण मनापर्यंत काही पोचले नाही.

दुसरी-तिसरीपर्यंत हे खपून जाते. चौथी-पाचवीपासून मात्र इतिहास, भूगोल, विज्ञान हे सारे वाचूनच शिकायचे असते. गणितातली शाब्दिक उदाहरणेही आधी वाचावी लागतात. ज्याचे वाचन अडखळते, तो एका मराठीत नव्हे तर सगळ्याच विषयांत अडखळतो. मग त्याला शाळा नकोशी होते.

संख्यांतही आपल्या भाषेची एक मेख आहे. आपण ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी बोलतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. लहान मूल ऐकते सत्तेचाळीस आणि लिहिते ७४. एकोणपन्नास, एकोणसाठ यांत तर आणखी घोटाळा. याच कारणाने २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तर दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत जुन्या पद्धतीच्या जोडीला देण्यात आली. गणिताच्या समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली, आणि महाराष्ट्रभर वादाचा धुरळा उडाला. वाद काहीही असो, संख्यानामे मुलांना जड जातात हे खरे. म्हणून त्यांचा सराव अधिक हवा.

चित्र गंभीर आहे

ही काही एका वस्तीची कहाणी नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागण्याचे उदाहरण पाचवीतल्या तीन मुलांपैकी जेमतेम एकाला जमले. यात खाजगी शाळांतली मुलेही आली.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य त्यात ठेवले आहे. नुसते ‘वाचता यावे’ एवढेच म्हटलेले नाही, वेगही सांगितला आहे, हे लक्षात घ्या.

या वेगावर आपल्या मुलांचे पुढचे पुष्कळ काही अवलंबून आहे. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत अंकगणिताचे २० प्रश्न ३० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. आठवीतल्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी एन.एम.एम.एस. शिष्यवृत्ती आहे. तिच्यात निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिथे ९० मिनिटांत ९० प्रश्न, असे दोन पेपर द्यावे लागतात. पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची आणि वेळ ९० मिनिटे. मैदानावर घाम गाळून पास झालेले आपले किती तरुण या ९० मिनिटांत मागे राहतात! उत्तर येत असते, पण घंटा आधी वाजते. परीक्षेतला वेळ ही एक चाळणी आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

ज्यांच्या घरी दोन पिढ्या पुस्तके आहेत, त्यांच्या मुलांचा सराव जेवता-खेळता होऊन जातो. आपल्या मुलांचा सराव जाणीवपूर्वक करून घ्यावा लागतो, एवढाच काय तो फरक. तो बुद्धीचा खचित नाही.

ही गोष्ट आपल्या थोरांनी ओळखली होती. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी तर होतीच, शिवाय मोडी व बाळबोध लेखन-वाचन आणि हिशेब शिकवावेत असेही होते. कागद वाचता आला आणि हिशेब करता आला की फसवणाऱ्याचा हात धरता येतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी आपल्या भीमाकडून इंग्रजी पाठ आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला कसून करून घेतल्या. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, जाग्रणे करून, तो अभ्यास झाला. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. बाबासाहेबांची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही, पण तिच्यामागे वडिलांनी करून घेतलेला रोजचा सरावही होता, हे आपण विसरू नये.

ही घोकंपट्टी नव्हे काय?

काही पालक विचारतील, हे म्हणजे पुन्हा जुनी घोकंपट्टीच ना? तसे नाही. अर्थ न कळता पाठ करणे ही घोकंपट्टी. आधी अर्थ समजावा, मग सराव व्हावा. सात आठे म्हणजे सात-सात चिंचोक्यांचे आठ ढीग, हे मुलाने आपल्या हाताने मांडून पाहावे. ते कळले की मग पाढा तोंडात बसवावा. आधी बिनचूक, मग वेगाने, हा क्रम उलटा करू नये. चुकीचे वेगाने केले तर चूकच पक्की होते.

मधेच प्रगती थांबली तर खचूही नये. तारायंत्राच्या जमान्यात ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकन संशोधकांनी १८९७ आणि १८९९ साली तार घ्यायला शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकाऊ माणूस आधी एकेक अक्षर ऐकतो, मग अख्खा शब्द, आणि पुढे वाक्याचा तुकडाच एकदम ऐकू लागतो. मधे काही आठवडे प्रगती ठप्प झालेली दिसते, आणि नंतर ती पुन्हा वर जाते. आपल्या मुलाचेही असे होऊ शकते. त्या दिवसांत ‘तुला जमणारच नाही’ असे शब्द घरात कोणी उच्चारू नयेत.

घरी काय करता येईल?

फार काही नको. रोज पंधरा मिनिटे पुरे. रविवारी सलग दोन तास बसवण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे कधीही श्रेष्ठ.

वाचन : पुस्तकातला एक छोटा उतारा मोठ्याने वाचायला लावा. मोबाईलवर एक मिनिट लावा. किती शब्द झाले ते मोजून वहीत लिहा. तोच उतारा आणखी दोन-तीनदा वाचू द्या. आकडा वाढलेला पाहून मूल स्वतःच खूश होते. शेवटी विचारा, यात काय सांगितले आहे? सांगता आले पाहिजे. न सांगता येणारा वेग कामाचा नाही.

पाढे : दोन ते दहापर्यंतचे पाढे क्रमाने पाठ झाले की मधूनच विचारा. नऊ सात? सहा आठ? श्वास घेईपर्यंत उत्तर यावे. कोणत्या दोन संख्या मिळून दहा होतात, हेही असेच पक्के करा.

संख्या : वाण्याच्या चिठ्ठीतले आकडे, विजेचे बिल, बसचा नंबर हे सारे मुलाला वाचायला सांगा. सुटे पैसे त्यालाच मोजू द्या.

लेखन : रोज पाच ओळी, ऐकून लिहिलेल्या. जोडाक्षरे तपासावीत.

“आम्हाला कुठे लिहिता-वाचता येतं?” असे काही आया म्हणतात. बाई, तुम्ही घड्याळ धरा आणि मूल वाचेल ते ऐका. कोठे अडखळले ते कानाला कळते, त्याला अक्षर यावे लागत नाही. मोठी ताई धाकट्याचे घेईल, त्यात तिचाही सराव होईल. वस्तीतल्या विहारात किंवा समाजमंदिरात संध्याकाळी अर्धा तास मुले एकत्र बसली आणि कॉलेजातले दोन-तीन तरुण पुढे आले, तर पैशावाचून हे काम होते.

एक पथ्य मात्र पाळावे. मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करू नये. त्याची शर्यत त्याच्याच कालच्या आकड्याशी असावी. मार आणि टोमणा या दोन गोष्टींनी पाढे येत नाहीत, फक्त पाढ्यांची भीती येते.

शाळेलाही विचारा

घरी करायचे म्हणून शाळा सुटत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक हवा असे ठरवले आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या बैठकीला मजुरीचा अर्धा दिवस बुडाला तरी जावे. तिथे रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलनाची चर्चा होऊ द्या, पण एक प्रश्न न चुकता विचारा : तिसरीतली किती मुले न अडखळता वाचतात, आणि पाचवीतल्या कितींना भागाकार येतो? दर तीन महिन्यांनी हाच प्रश्न विचारला जाऊ लागला, की शाळेलाही उत्तर तयार ठेवावे लागेल.

मुलगा तिसरीत असेल तर आज सुरुवात करा. सातवीत असेल तरी आजच करा आणि दोनच्या पाढ्यापासून करा, त्यात कमीपणा नाही. आज रात्री जेवणे उरकली की त्याच्या हातात पुस्तक द्या आणि एक मिनिट लावा. किती शब्द झाले, ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.