शिकवायलाही शिकावं लागतं

दोंडाईच्यात मिरचीची देठं खुडायला जाणारी एक बाई जुलाबानं मलूल झालेलं लेकरू घेऊन मी सिस्टर होते त्या वॉर्डात आली. ‘मना पोरले काय व्हयनं?’ एवढंच विचारत होती. प्रशिक्षणाला आलेल्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग पदविकेच्या, मुलीला मी म्हटलं, ‘ओआरएस समजावून सांग.’ तिनं पाकिटावरचं घडाघडा वाचलं, बाईनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी कळलं, लिटरभर पाण्याचं पाकीट बाई चिमूट-चिमूट पेल्यात टाकत होती.

दोष त्या मुलीचा नव्हता. सांगून भागत नाही, समोरच्याकडून करवून घ्यावं लागतं, हे मी तिला कुठं शिकवलं होतं? मुळात मलाच ते कुणी शिकवलं नव्हतं. त्याच रात्री एम.एस्सी. नर्सिंग करायचं ठरलं.

जीएनएमवरून थेट तिथं जाता येत नाही. आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग दोन वर्षांचं एम.एस्सी. त्यासाठी ५५ टक्के गुण आणि वर्षभराचा अनुभव लागतो. पाच शाखांपैकी मी बालरोग परिचर्या घेतली. एकेकाळी या शिक्षणासाठी परदेशी जावं लागे; देशात ते १९५९ साली दिल्लीच्या आजच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात सुरू झालं.

पहिल्या वर्षी ‘नर्सिंग एज्युकेशन’ हा विषय असतो. पाठाचं टाचण काढायचं, प्रश्नपत्रिका तयार करायची, वर्गावर उभं राहून पाठ घ्यायचा. माझ्या पहिल्या टाचणात उद्दिष्ट होतं, ‘विद्यार्थिनींना ओआरएसची माहिती होईल.’ मॅडमनी त्यावर काट मारली. माहिती झाली हे दिसणार कसं? मी पुन्हा लिहिलं, ‘विद्यार्थिनी लिटरभर पाणी मोजून द्रावण करून दाखवेल आणि आईकडूनही करवून घेईल.’ एका वाक्याच्या त्या दुरुस्तीनं माझं शिकवणं बदललं. दुसऱ्या वर्षाचा बराच वेळ प्रबंधात जातो. चिकाटी मात्र तिथंच कळते.

आता मी शिकवते. मुलींना फळ्यापेक्षा खाटेजवळ जास्त उभं करते, आणि आईशी तिच्या अहिराणी बोलीत बोलायला लावते. वॉर्ड सुटलेला शिक्षक नर्सिंगमध्ये फार काळ कामाचा राहत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या घरात एखादी सिस्टर असेल आणि तिला पुढं शिकायचं असेल, तर तेवढी वर्षं घर तुम्ही सांभाळा. तिला जाऊ द्या.