पूर ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस

जोराचा पाऊस झाला की गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या सखल भागात दुकानांत पाणी शिरते. नाल्याकाठच्या वस्त्यांत तेच पाणी घरात येते. दोन-चार तासांत ते उतरते, आपण चिखल काढतो, भांडी धुतो आणि सुटलो म्हणून कामाला लागतो. पण आजारांची खरी सुरुवात त्यानंतर होते. पुढचे पंधरा दिवस जपायचे असतात.

आपल्या शहरात वर्षभरात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून पूर हा मुंबई-कोल्हापूरचा प्रश्न, असे आपल्याला वाटते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे आपल्या वर्षाच्या पावसाहून जास्त. पण नागपूरला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसानेच अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोक झोपेत असताना घरांत पाणी शिरले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. थोडक्यात, कमी पावसाच्या गावालाही आता थोड्या वेळात फार पाऊस झेलावा लागतो.

हे पाणी जायचे कुठे? जुन्या शहराचे नाले खाम नदीकडे जातात. औरंगपुऱ्याच्या नाल्यावर आणि काठावर बांधकामे झाली, बाकी जागा प्लॅस्टिक आणि गाळाने भरली. मग पावसाचे पाणी आणि ड्रेनेजचे पाणी एक होऊन रस्त्यावर येते. आपण ज्यातून चालतो ते निव्वळ पावसाचे पाणी नसते, त्यात मैला असतो.

धोका नळातून येतो

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. मधले दिवस पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपला कुठे भेग असेल तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते आणि पुढच्या पाण्याबरोबर आपल्या हंड्यात येते. नळाला थेट मोटार लावली तर ही ओढ आणखी वाढते. दूषित पाण्याने काय होते ते शहराने नोव्हेंबर २०१७ मध्ये छावणीत पाहिले आहे. तिथे काही दिवसांतच हजारो लोकांना गॅस्ट्रो झाला होता.

म्हणून पुरानंतर नळाच्या पहिल्या दोन-तीन बादल्या संडास आणि फरशीसाठी ठेवा. पाण्याला वास किंवा गढूळपणा असेल तर ते पिऊ नका आणि लगेच महापालिकेकडे तक्रार करा. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी गाळून घ्या, खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. गॅस परवडत नसेल तर आशाताईंकडे क्लोरीनची गोळी मागा आणि त्या सांगतील त्या प्रमाणात वापरा. गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबूनच पाणी प्या. माठात हात बुडवू नका, लांब दांड्याचे ओगराळे ठेवा.

जुलाब सुरू झाले की एक लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसचे एक पाकीट विरघळवून थोडे थोडे पाजा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच घ्या. अंगावरचे दूध बंद करू नका. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर घरी वेळ घालवू नका.

ताप आला तर डॉक्टरांना हे सांगा

उंदरांचे मूत्र पुराच्या पाण्यात मिसळते. पायाच्या भेगेतून, जखमेतून त्याचे जंतू शरीरात शिरले की लेप्टोस्पायरोसिस होतो. बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत त्रास सुरू होतो. ताप येतो, पोटऱ्या फार दुखतात, डोळे लाल होतात. तोवर पूर विसरलेला असतो आणि मेडिकलमधून तापाची गोळी आणली जाते. असे करू नका. 'मी घाण पाण्यातून चाललो होतो' हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. त्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते. पायाला जखम असताना पाण्यातून चालला असाल तर ताप येण्याची वाट न पाहता तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जा. प्रतिबंधक औषध मिळते. गरोदर बाया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते, म्हणून दुसऱ्याची गोळी घेऊ नका.

आपण पाणी साठवतो, त्यामुळे डेंग्यूचा डासही घरातच वाढतो. ड्रमच्या तोंडाला कापड घट्ट बांधा. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून आतून घासा.

विजेपासून आणि चेंबरपासून सांभाळा

पाणी घरात शिरत असेल तर पाय कोरडे असतानाच मेन स्विच बंद करा. पुण्यात २५ जुलै २०२४ रोजी पुलाची वाडी भागात पाण्यातून हातगाडी हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. तुटलेली तार दिसली तर दूर राहा आणि महावितरणला १९१२ वर कळवा.

पाणी उतरले की तुंबलेले चेंबर साफ करायला माणूस शोधत लोक येतात, आणि नेमके आपल्या वस्तीत येतात. पाच-सातशे रुपयांसाठी आपला मुलगा आत उतरू देऊ नका. आतला वायू काही क्षणांत बेशुद्ध करतो, काढायला गेलेलाही मरतो. संरक्षक साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ते काम यंत्राचे आहे आणि यंत्र आणण्याची जबाबदारी पालिकेची आहे.

विहारात एवढे करा

वर्षावासात संध्याकाळी आपण विहारात जमतोच. तिथे एक वही ठेवा. कोणत्या गल्लीत पाणी शिरले, कुणाच्या नळाला घाण पाणी आले, कुणाला ताप किंवा जुलाब आहेत ते रोज लिहा. एकाच गल्लीत तीन-चार घरी जुलाब दिसले तर पाइप फुटला असण्याची शक्यता आहे. ती वही घेऊन आरोग्य केंद्रात आणि पालिकेत जा, अर्जाची पोहोच घ्या. एकट्याचे तोंडी गाऱ्हाणे विसरले जाते. तारखेसह लिहिलेली पंचवीस घरांची यादी सहज बाजूला टाकता येत नाही. रात्री-अपरात्री कुणाची तब्येत बिघडली तर १०८ ला फोन करा आणि घाटी रुग्णालय गाठा.