बोटं मोडली म्हणून सांधा मोडत नाही

बोटं मोडू नकोस, सांधे झिजतील, असं आई, मावशी-आत्या आणि पुढे सासूबाईही बजावत राहिल्या. अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड अंगर यांनी मग फक्त डाव्या हाताची बोटं मोडायला घेतली. रोज निदान दोनदा, पन्नासेक वर्षं. उजवा हात तुलनेसाठी राखून ठेवला. १९९८ साली त्यांनी वैद्यकीय नियतकालिकाला कळवलं की संधिवात दोन्ही हातांत नाही. २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. एकाच माणसाच्या दोन हातांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे खरं, पण चिकाटीला दाद द्यावीच लागते.

तो कटकन होणारा आवाज हाडांचा नसतोच. हलत्या सांध्यात हाडाला हाड थेट लागत नाही. दोन्ही टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, भोवती चिवट आवरण आणि आवरणाच्या आत पातळ अस्तर. हे अस्तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत द्रव पाझरवतं. निरोगी गुडघ्यातसुद्धा तो चमचाभर भरत नाही. बोट ओढलं की आतली जागा एकदम वाढते, दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआयवर हे घडताना टिपलं. तेच बोट पुन्हा वाजायला साधारण वीस मिनिटं लागतात.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण होतं ते याच द्रवातून. चालताना ती दाबली जाते, सुटते आणि द्रव आत-बाहेर होतो. तिच्यात चेतातंतूही नसल्यानं झीज सुरू झाल्याचं बराच काळ कळतच नाही.

उखळीचे सांधे दोन, खांदा आणि खुबा. पण स्वभाव अगदी वेगळे. खुब्याची वाटी खोल, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात पक्का बसलेला. खांद्याची वाटी इतकी उथळ की गोळ्याचा थोडाच भाग तिला टेकतो. सगळी भिस्त स्नायूंवर आणि अस्थिबंधांवर. म्हणून गोलंदाजाचा हात पूर्ण फिरतो, आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांमध्ये सर्वाधिक वेळा निखळतो तो खांदाच.

मान हलवून ‘नाही’ म्हणताना पहिला मणका दुसऱ्याच्या दातासारख्या टोकाभोवती फिरतो. मनगटातली छोटी हाडं एकमेकांवर नुसती सरकतात. अंगठ्याच्या बुडाशी खोगीरासारखा सांधा आहे. तो नसता तर सुईत दोरा ओवणं अवघड झालं असतं.

गुडघ्याला शाळेत बिजागरी म्हणून शिकवतात. ते अर्धंच खरं. पाय जमिनीवर टेकवून माणूस ताठ उभा राहतो तेव्हा मांडीचं हाड शेवटच्या क्षणी किंचित आत वळतं आणि सांधा जणू कुलूपबंद होतो, त्यामुळे उभं राहायला स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. हे कुलूप उघडण्याचं काम गुडघ्यामागच्या पॉप्लिटिअस या छोट्या स्नायूकडे असतं. उभ्या माणसानं गुडघा वाकवायचा म्हटलं की पहिली हालचाल त्याची.