पाय बघायला शिकताना

ए-लेव्हलचा निकाल लागला की आपल्या घरांतून डॉक्टर, डेंटिस्ट, फार्मसी, कॉम्प्युटर ही नावे ठरलेली असतात. पोडायट्री म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे लोकांची नखे कापायची?’ नखे काढणे न्हाव्याचे, पायताण शिवणे चांभाराचे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. प्रश्नातला तो सूर तिथूनच येतो. साउथहॅम्प्टन विद्यापीठात या विषयाची पदवी मिळते. तेव्हा ही मुले नेमके काय शिकतात, ते पाहू या.

अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पावलातली २६ हाडे, रक्तवाहिन्या, चालण्याची यंत्रणा हे सारे वर्गात होते. पण व्यवसायाची खरी तयारी क्लिनिकमध्ये, अनुभवी पोडायट्रिस्टच्या देखरेखीखाली, सुमारे एक हजार तासांत होते. घट्टे आणि कुरुपे स्कालपेलने काढणे, अंगठ्याला भुलीचे इंजेक्शन देऊन आत रुतलेले नख काढणे, ही हातांची कामे. घट्टा काढणे क्षुल्लक वाटते. मधुमेही रुग्णांवरील मोजमापांत मात्र घट्टा काढल्यावर त्या जागेवरचा दाब पाव भागाहून अधिक उतरलेला दिसला आहे. इंजिनिअरला एवढ्या स्वस्तात एवढा फरक क्वचितच मिळतो!

हातांपेक्षा अवघड तयारी डोळ्यांची असते, कारण सर्वांत धोक्याचा पाय तक्रारच करत नाही. मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. बुटात खडा गेला तरी कळत नाही, माणूस दिवसभर चालतो आणि रात्री मोज्याला रक्त दिसते. हा बधिरपणा तपासायला नायलॉनचा एक जाड दोरा असतो. तो पावलावर टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा. ठरावीक लांबी-जाडीचा दोरा ठरावीक भारालाच वाकतो, इथे १० ग्रॅमला. पुढे हात कितीही जड पडला तरी भार फारसा वाढत नाही. सतत वापरून दोरा मऊ पडतो, म्हणून त्यालाही अधूनमधून विश्रांती द्यावी लागते. विद्यार्थ्याला शिकायचे असते ते वेगळेच : रुग्णाचे डोळे मिटलेले हवेत, घट्ट्यावर दोरा टेकवायचा नाही, आणि ‘आता कळतंय का?’ असे तालात विचारायचे नाही. आपली वडीलधारी माणसे समोरच्याला बरे वाटावे म्हणूनही ‘हो’ म्हणतात!

या विद्येचा एक धागा भारतातला आहे. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे रोगाने ‘झडत’ नाहीत. वेदना कळत नाही म्हणून जखमांवर जखमा होत जातात. १९६६ मध्ये ते अमेरिकेत कार्व्हिलला गेले आणि तोच विचार पुढे मधुमेही पावलांना लागू झाला. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी ‘स्टेप बाय स्टेप’ उपक्रमात डॉक्टर आणि नर्स यांना जोडीने पाय सांभाळायचे शिक्षण दिले. पोडायट्रिस्ट हा स्वतंत्र व्यवसाय तिकडे नीट रुजलेला नसल्याने ती वाट काढावी लागली.

भाषेचाही घोटाळा असतो. आपला ‘पाय’ कमरेपासून बोटापर्यंत. आजी ‘पाय जड झालाय’ म्हणाल्या, तर दुखणे पोटरीत की तळव्यात? मुंग्या, जळजळ, बधिरपणा यांतला फरक नातवाच्या तोडक्या मराठीतून इंग्रजीत जाईपर्यंत नाहीसा होतो. म्हणून घरच्या माणसाऐवजी दुभाषा मागवावा, असे विद्यार्थ्यांना शिकवतात. तुम्हीही तो मागावा. संकोच नको.

सर्वांत मोठी जबाबदारी म्हणजे केव्हा स्वतः उपचार करायचे आणि केव्हा पुढे पाठवायचे हे ठरवणे. लाल, गरम, सुजलेले, पण फारसे न दुखणारे पाऊल मुरगळल्यासारखे दिसते. मधुमेह्यात ते ‘शार्को फूट’ असू शकते, आणि त्यावर चालत राहिले तर आतली हाडे मोडत जातात. ‘नाइस’च्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार असा पाय किंवा उघडी जखम एका कामाच्या दिवसात तज्ज्ञांकडे पाठवायची असते. विद्यार्थ्याने अशा वेळी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटले, तर पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते. दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह इथल्या गोऱ्यांच्या दोन ते चार पट आढळतो. पायाच्या जखमा मात्र आपल्यात कमी दिसल्या आहेत; पण त्या भरवशावर वर्षाची तपासणी चुकवणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

पदवीनंतर हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी लागते; तिच्याशिवाय स्वतःला पोडायट्रिस्ट किंवा किरोपॉडिस्ट म्हणवणे कायद्याने गुन्हा आहे. ‘फूट हेल्थ प्रॅक्टिशनर’ या पाटीला मात्र असे संरक्षण नाही, तेव्हा आई-वडिलांना नेण्यापूर्वी कौन्सिलच्या यादीत नाव पाहावे. घरातल्या कुणाला हा अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर, निवासाच्या अटी पूर्ण होत असल्यास, इंग्लंडमध्ये २०२० पासून वर्षाला ५,००० पौंडांचे परत न करायचे अनुदान मिळते, आणि पोडायट्रीला विद्यार्थी कमी येतात म्हणून आणखी १,०००.