आधी खाली बसा

सुरगाण्याला पाऊस लागला की तो थांबायचे नाव घेत नाही. गेल्या वर्षी आषाढातल्या अशाच एका संध्याकाळी आमचे कन्यारत्न एस.टी. स्टँडच्या आडोशाला कुडकुडणारे एक पिल्लू पोटाशी धरून घरी घेऊन आले. रंग मुगाच्या डाळीसारखा, म्हणून नाव पडले मुगी. जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहून वय चार महिन्यांचे सांगितले, लस टोचली, आणि ही फार मोठी होणार नाही असेही सांगून टाकले. ते खरे ठरले. आज पूर्ण वाढूनही मुगी मांजराहून थोडीशीच मोठी आहे.

पिल्लू घरात आले म्हणजे ते बागडणार, आपल्या पायात पायात करणार, असे आम्ही गृहीत धरले होते. मुगीने पहिल्याच दिवशी माझ्या आईच्या कॉटखालचा कोपरा गाठला आणि तिथेच संसार मांडला. घास खायला बाहेर यायचे, कुणाची चाहूल लागली की पुन्हा आत.

मग आम्ही सर्वांनी तिच्यावर प्रेम करायचा सपाटाच लावला. आमची सौ. "अगं माझी बाई गं ती!" म्हणत कॉटखाली वाके. चिरंजीव लांबून चेंडू फेकून तिला खेळायचे आमंत्रण देत. कन्या तिला ओढून काढून मिठी मारी. आणि मी? बावीस वर्षे शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्याची सवय झालेला माणूस. "मुगी, ये!" अशी मी हाक मारली की मुगीच काय, शेजारची मांजरेही पसार होत. एकटी आई तिच्या वाटेला जात नसे. सोवळ्याओवळ्यामुळे तिला कुत्रे नकोच होते. मौज अशी की रात्री मुगी निजे ती मात्र आईच्याच पायाखाली!

दिवाळीत माझी बहीण नाशिकहून आली. तिच्या सहा वर्षांच्या मुलाने भाऊबीजेच्या सकाळी मुगीला मागच्या पायाला धरून ओढले. ती गुरगुरली. मी खुर्चीतूनच "गप्प!" म्हणून ओरडलो. ती गप्प झाली. मुलाने पुन्हा ओढले, आणि तिने त्याच्या हाताला दात लावले.

जखम लहान होती. पण कुत्र्याच्या दाताला लहान म्हणून भागत नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे हात धुतला आणि तसेच त्याला दवाखान्यात नेले. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. म्हणून, कुत्रे घरचे असो, लस टोचलेले असो, डॉक्टरांना दाखवल्यावाचून राहू नये. मुलाची लस सुरू झाली. त्या दिवशी ओवाळणीचे ताट तसेच राहिले. संध्याकाळी बहीण म्हणाली, "दादा, या घरात हे कुत्रे असेल तर मी पोराला घेऊन येणार नाही." तिचे काय चुकले? शेजाऱ्यांनीही सल्ला दिला, बोरगावच्या पुढे घाटात सोडून या. कन्या रात्री जेवली नाही.

सोडायचे ठरत आले होते. मी रविवार नक्की केला होता. शनिवारी रानभाजी घेऊन पाड्यावरची एक म्हातारी नेहमीप्रमाणे आली. दाराच्या पायरीवर घराकडे पाठ करून बसली आणि पाटी खाली ठेवून भाजी निवडू लागली. सौ.शी भावाची घासाघीस चालली होती. एवढ्यात मुगी कॉटखालून निघाली. थांबली. पुन्हा चार पावले. शेवटी तिने म्हातारीच्या पदराचा वास घेतला. म्हातारीने मान वळवली नाही. हातातले काम थांबवले नाही. थोड्या वेळाने नुसता हात खाली सोडला, आणि मुगीने आपली हनुवटी त्यावर टेकली!

मी थक्क होऊन विचारले, "आजी, हे कसे केलेत?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. तिने काही केलेच नव्हते.

रविवार टळला. पुढच्या महिन्यात मी पुस्तके चाळली. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी बरीच वर्षे पिल्ले वाढवून १९६५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या मते साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसाला आपले मानायला शिकते. तो काळ माणसाच्या प्रेमळ सहवासावाचून गेला तर भीती खोल रुजते. मुगीचे ते आठवडे कुठे आणि कसे गेले, कोण जाणे. नॉर्वेच्या टूरिड रूगास या बाईंनी कुत्र्यांच्या खुणांचा अभ्यास केला. झोप आली नसता जांभई देणे, ओठांवरून जीभ फिरवणे, तोंड दुसरीकडे वळवणे, या सगळ्या खुणांचा अर्थ "जरा सबुरीने घ्या" असा होतो. मुगी महिनोन्‌महिने आम्हाला हेच सांगत होती, आणि आम्ही "बघा कशी लाडात जांभई देते!" म्हणून हसत होतो. गुरगुरणे हा तर तिचा शेवटचा शब्द. तो मी ओरडून बंद केला. मग दातांखेरीज तिच्याजवळ उरले काय?

तेव्हापासून आमच्या घरात नवे नियम लागू झाले. आपण तिच्याकडे जायचे नाही. तिला येऊ द्यायचे. आली तर आधी खाली बसायचे, तेही अंग थोडे वळवून. डोळ्यांत डोळे घालून बघायचे नाही. वरून वाकायचे नाही, कारण एवढ्याशा जिवाला आपण केवढे दिसत असू! हात डोक्यावरून न्यायचा नाही. खाली, सैल सोडायचा आणि तिला वास घेऊ द्यायचा. तिने अंग लावले तरच छातीशी किंवा मानेच्या बाजूला कुरवाळायचे, मनात तीन अंक मोजायचे आणि थांबायचे. ती आणखी जवळ आली तर पुन्हा. दूर झाली तर तिची मर्जी. ती खात असताना, झोपलेली असताना आणि कॉटखाली असताना तिला हात लावायचा नाही. गुरगुरली तर रागवायचे नाही, मागे सरायचे.

सौ.ला आठवडा लागला, चिरंजीवांना पंधरवडा. कन्येला मिठी आवरणे फार जड गेले. तिची समजूत घालायला मी नामदेवमहाराजांची गोष्ट सांगितली. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. किती हे प्रेम! कन्या क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "पण बाबा, मागे धावल्यावर तो कुत्रा घाबरला नसेल?" वर्गात ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल! कुत्र्याच्या बाजूने ती मला कधी दिसलीच नव्हती.

वसुबारसेच्याच दिवशी इकडच्या आदिवासी पाड्यांवर वाघबारस करतात. वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, गुरांना सांभाळ म्हणतात आणि घरी परततात. जनावराचा मान ठेवायचा तो अंतर राखून, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

सर्वांत उशिरा शिकलो तो मीच. माझ्या वर्गात पहिल्या वर्षाला येणारी पुष्कळ मुले पाड्यांवरची. घरची बोली कोकणी, आणि समोर मी. दरवर्षी पहिल्याच तासाला मी एकेकाला उभे करी आणि म्हणे, "मोठ्याने बोल, माझ्याकडे बघून बोल." मुले खाली बघत, ओठांवरून जीभ फिरवीत. मी त्याला बुजरेपणा म्हणत असे. यंदा जूनमध्ये व्यासपीठावरून उतरलो, मधल्या एका रिकाम्या बाकावर बसलो आणि सांगितले, पावसाला तुमच्याकडे किती शब्द आहेत ते कागदावर लिहा. नाव घातले नाही तरी चालेल. तीन आठवड्यांनी एक मुलगा प्राध्यापकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सर, आणखी एक शब्द आठवला," म्हणाला. मी खुर्चीतून उठलो नाही. शेजारची खुर्ची थोडी बाहेर सरकवली, एवढेच.

बहिणीला मी तीन पत्रे लिहिली. राखीपौर्णिमेला ती आली, मुलाला घेऊन. तो दारातच बिचकून उभा राहिला. मुगी कॉटखाली. दोघेही एकमेकांना भ्यालेले. कन्येने त्याचा हात धरून त्याला माजघरात भिंतीशी बसवले.

"तिच्याकडे बघू नकोस," ती हळूच म्हणाली.

"मग काय करू?"

"काही नाही."

दोघे चित्रांचे पुस्तक घेऊन बसली. बहीण स्वयंपाकघराच्या दारातून हलेना. बाहेर पाऊस चालूच होता. अर्ध्या तासाने कॉटखालून एक नाक बाहेर आले.