वाचलेल्या पुस्तकाविषयीचा अभिप्राय

चांगले पुस्तक वाचून संपले की त्याविषयी कोणाशी तरी बोलावे, असे वाचकास वाटते. परंतु ‘पुस्तक छान आहे’ एवढ्याने ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पुस्तकाचा विषय कोणता, त्यातील कोणता भाग मनास भिडला आणि का, हे सांगितले म्हणजेच तो अभिप्राय होतो.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ‘श्यामची आई’ हे पुस्तक पाहा. एक विद्यार्थी म्हणेल, “आईची माया व शिस्त दोन्ही यात दिसतात, म्हणून ते मला आवडले.” दुसरा म्हणेल, “त्यातील दुःखाने मन फार जड होते.” दोन्ही मते भिन्न असली, तरी ती स्वतःच्या वाचनातून आलेली व सकारण आहेत. मात्र पुस्तक न उघडताच, ऐकीव गोष्टींवरून त्याला नावे ठेवणारा दुसऱ्याचे नुकसान करतो. त्याच्या एका शब्दामुळे एखादा मित्र चांगल्या पुस्तकास कायमचा मुकतो.

मराठीत पुस्तकपरीक्षणाची परंपरा जुनी आहे. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकात नव्या ग्रंथांची परीक्षणे प्रसिद्ध होत. परीक्षण म्हणजे केवळ स्तुती नव्हे, की केवळ निंदाही नव्हे. गुण दिसले तर ते मोकळ्या मनाने सांगावेत. दोष दिसले तर ते सौम्य शब्दांत, पण स्पष्टपणे दाखवावेत. मग निर्णय ज्याचा त्याने स्वतः वाचून करावा.